ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा तापमान सेन्सर: चेंबर उतरवण्याआधी कपलर तपासा

गिऱ्हाईक येतं आणि सांगतं, "गिअर उशिरा पडतो, गाडी हायवेलाही ओरडत चालते, अ‍ॅव्हरेज पडलंय आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा आहे." स्कॅनर लावला की पी०७१३ हा दोषाचा कोड दिसतो. नवखा मुलगा फोनवर कोडचा अर्थ शोधतो, 'तापमान सेन्सर' एवढंच वाचतो आणि नवा सेन्सर मागवून मोकळा होतो. आता हा सेन्सर बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सच्या आत, तेलात बुडालेला असतो. म्हणजे तेल काढा, चेंबर (गिअरबॉक्सच्या तळाचं तेलाचं भांडं) उतरवा, पॅकिंग बदला, पुन्हा महागडं तेल भरा. एवढं करून दिवा परत लागला की गिऱ्हाइकाला तोंड दाखवायची चोरी.

मी हे केलेलं आहे. सुरुवातीच्या दिवसांत एका गाडीचा चेंबर उतरवून आतलं अख्खं हार्नेस (वायरींचा जुडगा) बदललं. दोन दिवसांनी तीच गाडी, तोच कोड. दोष बाहेरच्या कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडायच्या प्लगमध्ये, होता. एक पिन मागे सरकली होती. तो कपलर मी स्वतःच्या हातांनी दोनदा काढून लावला होता, पण आत डोकावून बघितलं नव्हतं.

म्हणून खालची सगळी पद्धत त्या कपलरभोवतीच फिरते. कपलरच्या एका बाजूला गिअरबॉक्स, दुसऱ्या बाजूला वायरिंग आणि कंट्रोलर, म्हणजे टीसीएम. दोष कुठल्या बाजूला आहे हे आधी ठरवायचं, पाना नंतर उचलायचा.

आधी हे बघा: ही गाडी या पद्धतीत बसते का?

टॉर्क कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा) किंवा सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला) असेल आणि टीसीएम गिअरबॉक्सच्या बाहेर असेल (बॉनेटखाली, डॅशबोर्डमागे किंवा इंजिनच्या कंट्रोलरमध्ये, म्हणजे ईसीएममध्येच), तर पुढचं सगळं लागू होतं. एएमटी म्हणजे मुळात मॅन्युअल गिअरबॉक्स, त्याला क्लच दाबायला आणि गिअर टाकायला यंत्र जोडलेलं. तिथे हा विषय नाही. झेडएफचे सहा आणि आठ गिअरचे बॉक्स किंवा मर्सिडीजचा सात गिअरचा ७२२.९, यांत कंट्रोलर गिअरबॉक्सच्या आतच बसवलेला असतो. बाहेरच्या कपलरवर फक्त सप्लाय, अर्थिंग (अर्थ) आणि संदेशाच्या वायरी येतात, सेन्सरच्या नाहीत. तिथे मल्टिमीटर लावून काही हाती लागत नाही. स्कॅनर सांगेल तेवढंच.

सर्किट डोक्यात बसवा

सेन्सर म्हणजे एक थर्मिस्टर. थंड असताना त्याचा रेझिस्टन्स जास्त, तापला की कमी. त्याला दोन वायरी. टीसीएम आतून ५ व्होल्ट एका ठरावीक रेझिस्टरमधून सिग्नलच्या वायरीवर पाठवतो. तो करंट सेन्सरमधून दुसऱ्या वायरीने टीसीएमच्या अर्थला परत येतो. टीसीएम फक्त सिग्नलच्या वायरीवरचा व्होल्टेज बघतो आणि त्यावरून तापमान ठरवतो. त्याला तेल दिसत नाही, व्होल्टेज दिसतो. पुढची प्रत्येक चाचणी यावरच उभी आहे.

आकडे घेऊन बघू. टोयोटाच्या काही गिअरबॉक्ससाठी मॅन्युअल सांगतं की २५ अंशाला या सेन्सरचा रेझिस्टन्स २.५ ते ४.५ किलोओहम असावा आणि ११० अंशाला ०.२२ ते ०.२८ किलोओहम. टीसीएमच्या आतला रेझिस्टर हिशेबापुरता १ किलोओहमचा धरू. थंड गाडीत सेन्सर ३.५ किलोओहम, म्हणजे सिग्नलवर साधारण ३.९ व्होल्ट. कडक तापलेल्या गाडीत सेन्सर ०.२५ किलोओहम, म्हणजे १ व्होल्ट. वायर कुठेही तुटली तर करंटच वाहत नाही आणि पूर्ण ५ व्होल्ट दिसतात. वायर अर्थला चिकटली तर शून्य.

५ व्होल्ट म्हणजे टीसीएमच्या लेखी भयंकर थंडी. बहुतेक स्कॅनर तेव्हा उणे ४० अंश दाखवतात. शून्य व्होल्ट म्हणजे भयंकर उष्णता, १५० अंश किंवा त्याहून जास्त. मे महिन्यात नागपुरात उभ्या असलेल्या गाडीचं तेल उणे ४० दाखवत असेल तर तो आकडा तापमानाचा नाही, तुटलेल्या वायरीचा आहे.

कोड वाचताना होणारी गफलत

पी०७१० म्हणजे सर्किटमध्ये काहीतरी दोष, नेमका काय ते सांगत नाही. पी०७१२ म्हणजे सिग्नल 'लो' आणि पी०७१३ म्हणजे सिग्नल 'हाय'. नवी मुलं हमखास इथे घसरतात. 'लो' म्हणजे तापमान कमी नव्हे, व्होल्टेज कमी. म्हणजे स्कॅनरवर तापमान उलट प्रचंड दिसेल आणि संशय शॉर्टचा घ्यायचा. 'हाय' म्हणजे व्होल्टेज जास्त, तापमान उणे ४०, संशय तुटलेल्या वायरीचा. ज्या गाडीत दोन तापमान सेन्सर असतात तिथे दुसऱ्यासाठी हीच जोडी पी२७४२ आणि पी२७४३ अशी येते, त्यामुळे कोणत्या सेन्सरबद्दल तक्रार आहे तेही बघा.

पी०७१४ म्हणजे दोष येतो आणि जातो. पी०७११ सगळ्यात फसवा: व्होल्टेज मर्यादेत आहे, पण आकडा पटत नाही. तासभर गाडी चालवली तरी तेल तापतच नाही, किंवा एका क्षणात ३० अंशांची उडी मारतं.

आणि पी०२१८ दिसला तर थांबा. तो तेल खरोखर जास्त तापल्याचा कोड आहे. पाच माणसं आणि टपावर सामान घेऊन भर दुपारी कसारा घाटात रांगत गेलेल्या गाडीचं तेल तापणारच. सेन्सर तिथे खरं बोलत असू शकतो. तेलाची पातळी, तेलाचा रंग आणि वास, कूलर आणि त्याच्या नळ्या हे आधी बघा.

पायरी १: गाडी रात्रभर मुक्कामाला ठेवा

ही सगळ्यात स्वस्त चाचणी, आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी. गाडी संध्याकाळी सावलीत लावा. सकाळी इंजिन सुरू न करता फक्त किल्ली ऑन करा आणि स्कॅनरवर तीन आकडे शेजारी शेजारी लावा: कूलंटचं तापमान, आत येणाऱ्या हवेचं तापमान आणि गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान. रात्रभरात सगळं एकाच तापमानाला आलेलं असतं. तिन्ही आकडे चार-सहा अंशांच्या आत हवेत. कूलंट २४, हवा २५ आणि तेल १२ असं दिसलं तर तेलाचा आकडा खोटा आहे, मग कोड असो वा नसो.

मग गाडी सुरू करून फिरवून आणा. तेलाचा आकडा सावकाश, न अडखळता चढत गेला पाहिजे. वीस-पंचवीस मिनिटांच्या फेरीनंतर बहुतेक गाड्यांत तो ७० ते ९५ अंशांच्या आसपास येतो. स्कॅनरमध्ये ग्राफ काढायची सोय असेल तर ग्राफच बघा. खड्ड्यात किंवा स्पीडब्रेकरवर रेषेत उभा काटा उमटला की वायरिंग सैल आहे हे कळतं. नुसत्या आकड्यात तो डोळ्यांदेखत निसटून जातो.

पायरी २: हात लावण्याआधी डोळे लावा

गाडी लिफ्टवर किंवा पिटवर घ्या, हँडब्रेक लावा. सायलेन्सर आणि चेंबर थंड होऊ द्या. ९० अंशांचं तेल अंगावर आलं तर कातडी निघते. सर्किट डायग्राम जवळ ठेवा. कपलरमधली कोणती पिन सिग्नलची आणि कोणती परतीची, हे अंदाजाने ठरवायचं नाही. त्याच कपलरमध्ये सोलेनॉइडच्या (तेलाची वाट उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हच्या) पिनाही असतात आणि त्यांवर १२ व्होल्ट येतात. चुकीच्या पिनेला जंपर लागला तर टीसीएमचंच सर्किट जाऊ शकतं.

आता वायरिंग पूर्ण मार्गाने बघत या. कुठे सायलेन्सरजवळ वितळलंय का, कुठे ब्रॅकेटवर घासलंय का, क्लिप तुटून लोंबतंय का. पावसाळ्यात आठवडाभर उभी राहिलेली गाडी असेल तर उंदीर आधी शोधा. एक वायर कुरतडलेली दिसली म्हणून तिथेच थांबू नका, उंदीर एका वायरीवर थांबत नाही.

कपलर काढून आत बॅटरीच्या उजेडात बघा: हिरवा गंज, वाकलेली किंवा मागे सरकलेली पिन, पाणी, तेल. तेल दिसलं तर ते नुसतं पुसून पुढे जाऊ नका. मर्सिडीजच्या जुन्या पाच गिअरच्या ७२२.६ बॉक्समध्ये कपलरच्या बुशची ओ-रिंग गेली की तेल वायरींच्या तारांमधून दिव्याच्या वातीत चढावं तसं चढत थेट टीसीएमच्या कपलरपर्यंत पोचतं. तिथे टीसीएमकडचा कपलर उघडून बघेपर्यंत काम अर्धवटच.

याच बॉक्सची आणखी एक गंमत. यात तापमान सेन्सर आणि पार्क-न्यूट्रल ओळखणारा संपर्क एकाच ओळीत जोडलेले आहेत. गाडी पी किंवा एनमध्ये असली की तो संपर्क उघडा राहतो आणि सेन्सरचं वाचन टीसीएमला मिळतच नाही; तो तेवढ्यापुरतं इंजिनचं तापमान वापरतो. हे माहीत नसलेला माणूस पार्कमध्ये गाडी ठेवून तासन् तास वायर तुटलेली शोधत बसतो. डायग्राम वाचायचा तो यासाठी.

पायरी ३: कपलर काढून दोन चाचण्या

लेखातली खरी कामाची पायरी ही. किल्ली ऑफ करा, गिअरबॉक्सवरचा कपलर काढा, किल्ली ऑन करा, इंजिन सुरू करू नका. सोलेनॉइडही सुटल्यामुळे कोडचा पाऊस पडेल. घाबरायचं कारण नाही, शेवटी ते पुसायचेच आहेत. पण मूळ कोड आणि त्या क्षणाचा डेटा कपलर काढण्याआधी लिहून किंवा फोटो काढून ठेवा.

पहिली चाचणी उघड्या सर्किटची. कपलर सुटलेला असताना स्कॅनरने उणे ४० दाखवलं पाहिजे.

दुसरी चाचणी शॉर्टची. हार्नेसच्या बाजूच्या कपलरमध्ये सिग्नल आणि परतीची पिन फ्यूज लावलेल्या जंपर वायरने जोडा. आकडा १५० किंवा त्या स्कॅनरच्या कमाल मर्यादेला गेला पाहिजे. पिनेच्या मापाचं टर्मिनल वापरा. जाड टोकाची टेस्ट लीड कोंबली तर पिन फाकते आणि आज नसलेला दोष उद्या तुम्हीच तयार केलेला असतो.

दोन्ही चाचण्या पास झाल्या तर वायरिंग आणि टीसीएम दोघेही निर्दोष. दोष गिअरबॉक्सच्या बाजूला. इथपर्यंत यायला अर्धा तासही लागत नाही.

एक सावधगिरी. काही गाड्यांत दोष कळताच टीसीएम स्वतःच्या मनाने एक ठरावीक तापमान धरतो आणि स्कॅनरवर तेच दाखवतो. कपलर काढला तरी आकडा हलत नाही. अशा वेळी डेटाच्या यादीत सेन्सरचा व्होल्टेज शोधा. तोही नसेल तर मल्टिमीटर आहेच.

पहिली चाचणी नापास झाली तर

कपलर काढूनही आकडा १५० वरच राहिला, म्हणजे सिग्नलची वायर वाटेत कुठेतरी अर्थला चिकटली आहे किंवा टीसीएम आतून गेलाय. किल्ली ऑफ करून टीसीएमचा कपलरही काढा आणि सिग्नलच्या वायरीपासून बॉडी अर्थपर्यंत कंटिन्युटी, म्हणजे करंट आरपार जातो का ते, बघा. मीटर वाजला तर वायर दोषी. नाही वाजला तर वायर हलवून, ओढून पुन्हा बघा. परतीच्या वायरीशीही एकदा ताडून पाहा. दोन वायरी एकमेकींना चिकटल्या असतील तर बॉडीला लावलेला मीटर गप्पच राहील. हे सगळं करूनही काही सापडलं नाही, तरच टीसीएमकडे बोट दाखवा.

दुसरी चाचणी नापास झाली तर

जंपर लावूनही उणे ४० हललं नाही, तर जंपरचं एक टोक सिग्नलवरच ठेवा आणि दुसरं परतीच्या पिनेऐवजी स्वच्छ बॉडी अर्थवर लावा. आकडा आता उसळला तर सिग्नलची वायर ठीक आहे, परतीची तुटली आहे. परतीची वायर बऱ्याच गाड्यांत इतर सेन्सरांबरोबर वाटून घेतलेली असते, त्यामुळे सोबत दुसऱ्या सेन्सरचेही कोड आले असतील तर हा अंदाज आणखी पक्का होतो.

तरीही हललं नाही, तर सिग्नलच्या पिनेवर मीटर लावा. ५ व्होल्ट येत नसतील तर टीसीएमकडच्या कपलरला मागून बारीक पिन घालून तिथे मोजा. तिथे आहेत आणि इथे नाहीत, म्हणजे वायर मध्ये तुटली आहे. तिथेही नाहीत, म्हणजे टीसीएमचा सप्लाय आणि अर्थ तपासा, आणि ते ठीक असतील तरच टीसीएमवर या. वायरीचं कव्हर टोचून मोजू नका. त्या भोकातून पाणी शिरतं आणि पुढच्या पावसाळ्यात वायर आतून कुजते. बल्बवाला टेस्टरही इथे नको. टीसीएमच्या आतल्या रेझिस्टरमुळे बल्ब पेटायला पुरेल एवढा करंट इथे मिळतच नाही, आणि वायर ठीक असूनही तुटल्यासारखी वाटते.

मीटर ५ व्होल्ट दाखवतोय, तरी दोष आहे?

हो, असू शकतो. डिजिटल मीटर साधारण १० मेगाओहमचा असतो, म्हणजे तो करंट जवळपास घेतच नाही. मध्ये गंजलेली पिन २ किलोओहमचा अडथळा करून बसली असली तरी मीटर खुशाल ५ व्होल्ट दाखवेल आणि तुम्ही 'वायर ओके' म्हणाल.

गाडी चालताना काय होतं? तेल ११० अंश तापलंय, सेन्सर ०.२५ किलोओहमवर आलाय, पण टीसीएमला दिसतात २.२५ किलोओहम. तो समजतो की तेल अजून ३५-४० अंशांवरच आहे. तेल करपत असताना टीसीएम थंड गाडीसारखा वागतो: वरचा गिअर उशिरा, टॉर्क कन्व्हर्टरचं लॉकअप (इंजिन आणि गिअरबॉक्सची थेट जोड) नाही. लॉकअप नाही म्हणून कन्व्हर्टर घसरत राहतो, आणि घसरण्यानेच तेल आणखी तापतं. पी०७१३ येत नाही, कारण सर्किट पूर्ण तुटलेलं नाही. फार तर पी०७११ येतो, तोही उशिरा.

जंपरची चाचणी इथे कामी येते. जंपर लावल्यावर आकडा अगदी टोकाला जायला हवा. उणे ४० वरून निघून ३०-४० वरच अडखळला तर वाटेत रेझिस्टन्स आहे. मल्टिमीटर लपवतो ते जंपर उघडं पाडतो, म्हणून मी मीटरच्या आधी जंपर काढतो.

पायरी ४: दोष गिअरबॉक्सच्या बाजूला असेल तर

अजूनही चेंबर उतरवायची घाई नको. किल्ली ऑफ, कपलर सुटलेला. गिअरबॉक्सच्या बाजूच्या दोन पिनांवर रेझिस्टन्स मोजा आणि त्या क्षणीच्या तेलाच्या तापमानाशी मॅन्युअलमधल्या तक्त्यात ताडून बघा. तापमानासाठी चेंबरवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरा. चकचकीत धातूवर तो चुकतो, म्हणून चेंबरला काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर नेम धरा. अनंत रेझिस्टन्स म्हणजे आत वायर किंवा सेन्सर तुटलेला. शून्याजवळ म्हणजे शॉर्ट. मग प्रत्येक पिनेपासून गिअरबॉक्सच्या बॉडीपर्यंत मोजा. तिथे कंटिन्युटी असता कामा नये.

थंड असताना आकडा बरोबर आला तर कपलर लावून, गाडी गरम करून, पुन्हा मोजा. बरेच सेन्सर थंडीत शहाण्यासारखे वागतात आणि तापल्यावर बिघडतात.

पायरी ५: बदलताना आणि बदलल्यावर

सेन्सर कुठे बसतो ते गाडीवर आहे. कुठे बाहेरून स्क्रू होतो, कुठे आतल्या हार्नेसचाच भाग असतो आणि वेगळा मिळत नाही. चेंबर उतरवला की चुंबकावरचा गाळ बघा. पिठासारखी बारीक राखाडी पूड चालते. धातूचे कण किंवा क्लचच्या अस्तराचे तुकडे दिसले तर गिऱ्हाइकाला तिथेच बोलावून दाखवा, कारण मग विषय सेन्सरपुरता राहिलेला नाही.

नवा सेन्सर बसवण्याआधी मोजा. पातेल्यात कोमट पाणी घ्या, स्वयंपाकाचा थर्मामीटर सोडा, सेन्सरचं टोक बुडवा आणि पाणी तापवत न्या. रेझिस्टन्स सलग उतरत गेला पाहिजे. बसवण्याआधी सेन्सर पूर्ण कोरडा करा, गिअरबॉक्सच्या तेलात पाण्याचा थेंबही नको.

तेल कंपनीने सांगितलेल्या प्रतीचंच भरा. सीव्हीटीत साधं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि एटीएफच्या बॉक्समध्ये सीव्हीटीचं तेल, दोन्ही घातक. पातळी मोजतानाही तापमान लागतं: ज्या गाड्यांना डिपस्टिक नाही, त्यांत इंजिन चालू ठेवून तेल ठरावीक तापमानाला, बऱ्याचदा ४० अंशांच्या आसपास, आलं की पातळीचा बोल्ट उघडायचा असतो. आणि ते तापमान सांगणार कोण, तर हाच सेन्सर. त्यामुळे सर्किट आधी दुरुस्त, पातळी नंतर. जुन्या खोट्या आकड्यावर भरलेलं तेल कमी किंवा जास्त असणारच, ते पुन्हा मोजा.

कोड पुसा, कंपनीची पद्धत असेल तर गिअरचं लर्निंग (टीसीएमला गिअरची जुळणी नव्याने शिकवणं) करून घ्या, आणि अर्धा तास चालवून ग्राफ बघा. गाडी संध्याकाळी परत मागणारं गिऱ्हाईक असेल तर त्याला एक रात्र थांबायला सांगा. सकाळी किल्ली ऑन करून ते तीन आकडे परत शेजारी लावा. कूलंट २४, हवा २५, तेल २४ आलं की बिल करा.